पडद्याच्या तळाशी एक बंदूक

२००१ च्या सुमारास पुण्यातल्या सायबर कॅफेत ई-मेल बघायला आलेली मोठी माणसं पुढच्या रांगेत बसायची आणि आम्ही पोरं मागच्या. मागच्या रांगेत ‘प्रोजेक्ट आयजीआय’ हा गेम चालायचा. त्यात मिशन अर्धवट सोडून सेव्ह करायची सोय नव्हती. वीस मिनिटं दबकत पुढे सरकलेला गडी टेहळणी बुरुजावरच्या एका पहारेकऱ्यामुळे आडवा व्हायचा, की सगळं पुन्हा पहिल्यापासून. एक गोष्ट मला तेव्हाही गमतीची वाटायची. पडद्यावरच्या भिंतीआडून डोकावताना खेळणारा पोरगा खुर्चीतही तिरका व्हायचा. गोळ्या सुटल्या की मान खाली घालायचा.

फर्स्ट पर्सन शूटर या प्रकाराची सगळी जादू त्या तिरक्या मानेत आहे. मारिओ खड्ड्यात पडतो तेव्हा आपण ते बाजूनं पाहतो. इथे नायक दिसतच नाही, त्याच्या डोळ्यांनी दिसतं. पडद्याच्या तळाशी बंदूक धरलेला हात, मधोमध नेमाची फुली आणि समोर जग. पाहणं आणि नेम धरणं ही एकच क्रिया होऊन बसते. या प्रकाराचं सामर्थ्य तिथेच आहे आणि खोटही तिथेच आहे, असं मला वाटतं.

आधी सामर्थ्याबद्दल. ‘वुल्फेन्स्टाइन थ्रीडी’ १९९२ मध्ये आणि ‘डूम’ १० डिसेंबर १९९३ ला आला. दोन्ही आयडी सॉफ्टवेअर या छोट्या कंपनीचे. ‘डूम’चा पहिला भाग फुकट वाटला होता, म्हणून तो कॉलेजांच्या आणि ऑफिसांच्या संगणकांवर वणव्यासारखा पसरला. त्या काळच्या संगणकाचा जीव तो केवढा! कंपनीचा प्रोग्रामर जॉन कारमॅक यानं नकाशाचे आधीच असे तुकडे पाडून ठेवले, की कुठली भिंत पुढे आणि कुठली मागे हे संगणकाला झटपट ठरवता यावं. त्याची किंमतही होती. ‘डूम’मध्ये एका खोलीवर दुसरी खोली बांधता येत नाही, मान वर-खाली करता येत नाही. पण त्या बदल्यात जो वेग मिळाला, त्यानं खेळणाऱ्याला श्वास घ्यायला उसंत ठेवली नाही.

१९९८ च्या ‘हाफ-लाइफ’नं वेगाला कथेची जोड दिली. सुरुवातीला तुम्ही एका प्रयोगशाळेच्या आतल्या ट्रेनमधून नुसते जात असता. हातात बंदूक नाही. मध्येच चित्रफीत लावून गोष्ट सांगायची नाही, खेळणाऱ्याचे डोळे त्याच्याकडून काढून घ्यायचे नाहीत, हा नियम त्या गेमनं शेवटपर्यंत पाळला. याच ‘हाफ-लाइफ’वर मिन्ह ली आणि जेस क्लिफ या दोघांनी १९९९ मध्ये हौसेनं ‘काउंटर-स्ट्राइक’ रचला, आणि पुढे व्हॉल्व्ह कंपनीनं तो आपलासा केला.

‘काउंटर-स्ट्राइक’ ऊर्फ ‘सीएस’ खेळलेल्यांना डस्ट टू हा मॅप आपल्या गल्लीइतका पाठ असतो. त्यातली एके-४७ नुसती दाबून धरली, तर नळी वर चढत जाते आणि गोळ्या आभाळात जातात. ते सावरायला माउस ठरावीक पद्धतीनं खाली ओढावा लागतो. चांगला खेळाडू हे विचार करून करत नाही. तबलजीची बोटं बोलावर पडावीत, तसा त्याचा हात पडतो. त्यातून मेलात तर फेरी संपेपर्यंत नुसतं बघत बसायचं, त्यामुळे जिवाला किंमत येते. या रियाजाचा डोळ्यांनाही लाभ होतो. ग्रीन आणि बॅव्हेलियर या संशोधकांनी २००३ मध्ये ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत दाखवलं, की दहा दिवस रोज तासभर युद्धाचा शूटर खेळलेल्यांचं दृश्य अवधान टेट्रिस खेळलेल्यांपेक्षा जास्त सुधारलं.

आता खोट. पोरं गोळ्या झाडायला शिकतील ही पालकांची जुनी भीती, पण तिला पुराव्याचा भक्कम आधार नाही. अमेरिकन मानसशास्त्र संघटनेनं २०२० मध्ये प्रत्यक्ष हिंसाचाराचं खापर या खेळांवर फोडण्याइतका पुरावा नसल्याचं स्पष्ट केलं. माझी तक्रार निराळी आहे. ज्या खेळात दिसतं ते सगळं नेमाच्या फुलीतून दिसतं, त्यात समोरचा माणूस कोण आहे, हे विचारायला जागाच उरत नाही. त्याला नाव नसतं, घर नसतं. असतो तो फक्त हेडशॉट.

‘कॉल ऑफ ड्यूटी’ या मालिकेत हे ठळक दिसतं. २००७ च्या ‘मॉडर्न वॉरफेअर’मध्ये एका लढाऊ विमानातून खाली तोफा डागायच्या असतात. पडदा कृष्णधवल, माणसं म्हणजे पांढरे ठिपके, आणि कानात सहकाऱ्यांचे शांत, कामकाजी आवाज. अंगावर काटा येतो, कारण बातम्यांतलं खरं युद्ध हुबेहूब असंच दिसतं. त्याच गेममध्ये अणुस्फोटानंतर तुमचा सैनिक रांगत रांगत मरतो आणि तुम्हाला काहीच करता येत नाही. बंदूक हातातून गेली, तेव्हा कुठे त्या गेमला काही म्हणायचं सुचलं! पण त्याच नावानं २०१९ मध्ये आलेल्या गेमनं ‘हायवे ऑफ डेथ’चा हल्ला रशियाच्या माथी मारला. त्या नावानं इतिहासात ओळखला जाणारा हल्ला १९९१ मध्ये अमेरिकेच्या नेतृत्वाखालील फौजांनी केला होता.

दुसरी खोट धंद्याची. २०१३ पासून ‘काउंटर-स्ट्राइक’मध्ये बंदुकीचं रंगीत नक्षीकाम बंद पेट्यांतून मिळू लागलं. पैसे देऊन किल्ली घ्यायची, पेटीत काय निघेल ते नशीब. बेल्जियमनं २०१८ मध्ये अशा पेट्यांना जुगार ठरवलं, ते योग्यच केलं. इतक्या मेहनतीनं कमावलेल्या कौशल्याच्या शेजारी मटक्याचं दुकान थाटण्याची गरज नव्हती.

हा प्रकार याहून मोठा होऊ शकतो, याचे दाखले आहेत. २००७ च्याच ‘पोर्टल’मध्ये हातात बंदूक आहे, पण ती मारत नाही, भिंतींत दारं उघडते. २०१६ च्या ‘सुपरहॉट’मध्ये तुम्ही हललात तरच काळ पुढे सरकतो, म्हणजे गोळी झाडण्याआधी विचार करावाच लागतो. नजर तीच आणि फुलीही तीच, फक्त बोट आणि चाप यांच्यामध्ये क्षणभराची जागा केली आहे.

तीस वर्षांत गोळी कशी मारावी हे या कलेनं पराकोटीला नेलं. का मारावी, हे मात्र मोजक्याच गेमनी विचारलं. म्हणून पालकांना एवढंच सांगेन : बंदी घालण्याआधी मुलाच्या शेजारी तासभर बसा. तो कसा खेळतो ते पाहा, त्याचं कौतुकही करा, कारण ते सोपं नाही. मग विचारा, ‘आत्ता मारलास तो कोण होता रे?’