शीळ आणि वाळवी

आमच्या शाळेत शीळ घालणारा मुलगा वाया गेलेला समजत. तशात मी शीळ शिकलो, ती ‘द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय’ पाहून. मामांनी सकाळच्या खेळाला नेलं होतं. इंग्रजीचं ओ की ठो कळत नव्हतं. पण फाटक्या बुटांतले इंग्रज कैदी शीळ घालत, पावलाला पाऊल जुळवत जपान्यांच्या छावणीत शिरतात, ते पाहिलं आणि पुढे महिनाभर मी प्रार्थनेहून वर्गात त्याच थाटात जात होतो. गुरुजींनी दोनदा कान पिळला. पण कर्नल निकल्सन पत्र्याच्या खोपटात भाजून निघाला तरी वाकला नव्हता. तिथे माझ्या एका कानाची काय कथा!

परवा नातीला तो चित्रपट मुद्दाम दाखवायला बसलो. १९५७ सालचा, डेव्हिड लीनचा, सात ऑस्करं मिळालेला, अशी जोरदार प्रस्तावना केली. नातीचा एक डोळा पडद्यावर, दुसरा फोनवर. अर्ध्या तासात तिने जाहीर केलं, “आजोबा, पूल ह्या नदीवर नव्हताच!”

नव्हता खरा. रेल्वे बराच वेळ क्वायच्या काठाने जाते, पण पूल मे क्लाँग नदीवर. मूळ कादंबरी लिहिणारे प्येर बूल त्या जागी कधी गेलेच नव्हते. पुढे चित्रपट गाजला, प्रवासी येऊन ‘क्वायवरचा पूल कुठे?’ म्हणून विचारू लागले. तेव्हा १९६० च्या सुमारास थायलंडात त्या नदीच्या तेवढ्या भागाचं नावच बदलून टाकलं. चूक लेखकाची, दुरुस्ती नदीची! मी ज्या कचेरीत जन्म काढला, तिथे साहेबांच्या चुका अशाच दुरुस्त होत.

नदीचं मी मनाला लावून घेतलं नाही. पूल सिलोनमध्ये बांधून तिथेच उडवला, तेही चालेल. खऱ्या ठिकाणी १९४३ साली एक लाकडी आणि एक लोखंडी असे दोन पूल झाले, दोन वर्षं गाड्या धावल्या, मग विमानांनी बाँब टाकले. लोखंडी पूल दुरुस्त होऊन आजही उभा आहे.

मला झोंबलं ते कर्नलसाहेबांचं. चित्रपटात जपानी इंजिनिअरांना पूल जमत नाही, म्हणून निकल्सन शत्रूला नमुनेदार पूल बांधून देतो. अ‍ॅलेक गिनेसने ही हट्टी घमेंड अशी रंगवली आहे, की आजही टाळी द्यावी. पण जपान्यांना पूल बांधता येत होते! आणि तिथले खरे कर्नल फिलिप टूसी आपल्या माणसांच्या अन्नासाठी, औषधासाठी जपान्यांशी भांडत, मार खात. त्यांची माणसं गुपचूप काँक्रीट कच्चं कालवत आणि वाळवी गोळा करून लाकडी पुलात सोडत. वाळवी! जिने आमच्या वाड्याचे दरवाजे खाल्ले, ती बादशाही फौजेविरुद्ध लढत होती, आणि पडद्यावर तिला एक झलकसुद्धा नाही.

झलक आणखीही कुणाला नाही. ४१५ किलोमीटरच्या त्या रेल्वेवर बारा हजारांहून अधिक युद्धकैदी मेले. आशियाई मजूर किती मेले, त्याची कुणी धड नोंदच ठेवली नाही. अंदाज नव्वद हजारांचा. त्यांत मलायातल्या रबराच्या मळ्यांवरचे तमिळ कितीतरी. म्हणजे आपलीच माणसं, आमच्या मामांच्या वयाची. चित्रपटात सयामी बायका आहेत, त्या गोऱ्या कमांडोंचं सामान वाहायला. हे मजूर कुठेच नाहीत. आणि मी दहा वर्षांचा, इंग्रजांच्या तालावर पावलं टाकत होतो.

“बंद करू का, आजोबा?” नातीने विचारलं.

“थांब गं,” मी म्हणालो, “पूल उडायचाय अजून.”