भिंगाखालचे तुकोबा

माझे मामा भिवंडीला राहतात. चाळीस वर्षे त्यांनी कापड तपासले. यंत्रमागावरून उतरलेला कोरा तागा टेबलावर ओढायचा, कुठे तार तुटली आहे, कुठे तेलाचा डाग आहे, कुठे बाणा सैल पडला आहे ते पाहायचे आणि खोट असलेला माल 'सेकंड' म्हणून बाजूला काढायचा, हा त्यांचा धंदा. इंचात किती धागे बसले हे मोजायचे एक घडीचे पितळी भिंग त्यांच्या सदऱ्याच्या खिशात कायम असे. निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली, पण भिंग खिशातच आहे.

गेल्या श्रावणात त्यांचा फोन आला. "तू चित्रांबद्दल लिहितोस ना? मग रविवारी ये. मी तुकोबांना घरी आणले आहे."

कल्याणला उतरून, दुर्गाडीचा पूल ओलांडून, गोदामांच्या रांगांमधून धक्के खात मी पोहोचलो. तुकोबा दिवाणावर पहुडले होते. प्रभातच्या 'संत तुकाराम'चे पोस्टर! मोबाइलवर चाललेल्या एका लिलावात मामांनी ते बोली लावून घेतले होते. किंमत साडेबावीस हजार. मामींना त्यांनी साडेबाराच सांगितले होते, हे मला जिन्यातच कळले.

पैशांचे सोडा. दामले आणि फत्तेलाल यांचा हा चित्रपट 1936 चा. पुढच्या वर्षी तो व्हेनिसच्या महोत्सवात गाजला. पण मामांना व्हेनिसशी कर्तव्य नव्हते. त्यांच्या आईने, म्हणजे माझ्या आजीने, तो पुष्कळ वर्षांनी जत्रेतल्या तंबूत पाहिला. विष्णुपंत पागनीसांचे तुकोबा विमानात बसले तेव्हा सगळा तंबू हात जोडून उभा राहिला, आणि आजीच्या कडेवर मामा होते. आजीचा फोटो घरात एकही नाही. तिच्याजागी हे पोस्टर भिंतीवर लागणार होते. अशा वस्तूविषयी मत द्यायला बोलावले जाणे ही टीकाकाराच्या आयुष्यातली बरी घटना नव्हे.

पहिल्या नजरेला चित्र छान होते. कागद पिवळसर, कडा किंचित झिजलेल्या, मधोमध घडीची फुली. जुनी पोस्टरे घडी घालूनच गावोगावच्या थिएटरांना जात, तेव्हा घडी असणे योग्यच. मी सहज त्या घडीवरून बोट फिरवले आणि बोट थांबले. घडी दिसत होती, पण लागत नव्हती! खऱ्या घडीत कागदाचे तंतू मोडतात, शाई उडते, चार घड्या मिळतात तिथे भोक पडू लागते. इथे घडीचे फक्त चित्र होते. कुणीतरी घडी पडलेल्या अस्सल प्रतीचे छायाचित्र घेऊन, तिच्या सुरकुत्यांसकट, गुळगुळीत कागदावर छापले होते.

मी काही बोललो नाही. मामींनी चहा आणला. चहा पिता पिता मामांनी सवयीने खिशातून भिंग काढले, तुकोबांच्या पागोट्यावर ठेवले आणि डोळा लावला. बराच वेळ लावला.

"हे काय रे? सगळीकडे ठिपके. रांगेने."

आता बोलणे भाग होते. त्या काळची रंगीत पोस्टरे बहुतेक शिळाछापाची. चित्रकार मूळ चित्र रंगवी, आणि छापखान्यातला दुसरा कारागीर ते दगडावर किंवा जस्ताच्या पत्र्यावर हाताने उतरवी. प्रत्येक रंगाला वेगळा दगड. भिंगाखाली त्यात खडूचे रवे दिसतात, हाताने टिपलेले वेडेवाकडे बिंदू दिसतात, कुठे लाल रंग ओठांच्या बाहेर गेलेला दिसतो. पुढे ऑफसेट छपाई आली. तिच्यात चार रंगांच्या ठिपक्यांची शिस्तशीर नक्षी असते. हल्लीच्या संगणकी छपाईत बारीक तुषार उडाल्यासारखे दिसतात. म्हणून नुसते ठिपके दिसले की नक्कल, असे म्हणता येत नाही. 'शोले'च्या 1975 च्या पोस्टरात ठिपके असले तर त्यात काहीच वावगे नाही. पण 1936 च्या शिळाछापाचे खडूचे रवेच जर ठिपक्यांनी बनलेले असतील, तर तो छापाचा फोटो आहे. मामांनी हे ऐकले आणि पुन्हा भिंगात पाहिले. "बरोबर," म्हणाले. त्यांचा चेहरा मला पाहवला नाही.

पण धंद्याची सवय अशी की खोट सापडली म्हणजे माणूस दुःख विसरून पुढची शोधू लागतो. मामांनी पोस्टर उलटे केले. मागे मजबुतीसाठी कापड चिकटवले होते. त्यांनी सुटलेला एक धागा ओढून काडीने जाळला. त्याची राख न होता काळा मणी झाला. "टेरिकॉट! आणि वीण बघ. हा तर आपल्याकडचाच माल." म्हणजे तुकोबा कुठलेही असोत, त्यांच्या पाठीचे कापड अस्सल भिवंडीचे होते. मामी हसल्या, मामाही हसले. न्यायाच्या दृष्टीने मी सांगितले की मागचे कापड हा पुरावा नव्हे. जुन्या पोस्टरला नवे अस्तर लावतातच. जांभळ्या किरणांच्या बॅटरीचेही तेच. अंधारात तिच्या उजेडाखाली कागद निळापांढरा चमकला तर त्यात पांढरेपणासाठी घातलेली आधुनिक रसायने आहेत, आणि ती साधारण 1950 नंतर कागदात रुळली. मात्र चमकतो तो मूळ कागद की नंतर लावलेला, हे आधी पाहावे लागते.

मला सर्वात आनंद दिला तो तळच्या ओळीने. 'आपल्या आवडत्या चित्रमंदिरात' अशी ती होती. 1936 साली कुठलाही शुद्ध लिहिणारा माणूस 'चित्रमंदिरांत' असे 'रा'वर अनुस्वार देऊन लिहिता. ते न उच्चारले जाणारे अनुस्वार मराठी साहित्य महामंडळाच्या 1962 च्या नियमांनी गेले. आमच्या पिढीच्या वडीलधाऱ्यांनी त्या अनुस्वारांपायी छड्या खाल्ल्या. ते असे कधी कामाला येतील असे त्यांना वाटले नसेल. नक्कल करणाऱ्याने घडी, डाग, फाटलेला कोपरा सगळे सांभाळले आणि स्वतःची एकच ओळ घातली, तीत तो सापडला. याच जातीची आणखी एक खूण आहे. छापील कागदावर छापखान्याचे नाव व गाव असावे असा 1867 चा कायदा होता, म्हणून जुन्या पोस्टरांच्या तळाशी बारीक अक्षरात ती ओळ असे. ती वाचावी. तिथे सहा आकडी पिन कोड असेल तर तो कागद 15 ऑगस्ट 1972 च्या आधीचा नाही, कारण पिन कोडच तेव्हा सुरू झाला. गावाचे नाव इंग्रजीत बॉम्बेऐवजी मुंबई असेल तर 1995 च्या आधीचा असणे कठीण.

पण मूळ प्रत म्हणजे तरी काय? रविवर्म्याच्या तैलचित्राबाबत हा प्रश्न सोपा आहे, त्याच्या छापील चित्रांबाबत नाही. पोस्टर तर जन्मतःच नक्कल. हजारो निघत, भिंतीवर लागत, पावसात गळत. चित्रपट पुन्हा लागला की पुन्हा छापत. 'मुघल-ए-आझम'साठी जी. कांबळे यांनी 1960 साली केलेली कामे वेगळी आणि 2004 साली तो चित्रपट रंगीत होऊन आला तेव्हाची पोस्टरे वेगळी; पण दुसरी खोटी नव्हेत. ती 2004 ची म्हणून विकली तर व्यवहार चोख आहे. आजचा छापील फोटोसुद्धा दोनशे रुपयांना फोटो म्हणून विकावा, मी स्वतः घेईन. खोटेपणा कागदात नसतो, त्याच्यावर लिहिलेल्या सालात असतो.

याच चित्रपटाने त्याचा दाखला ठेवला आहे. त्यातले एक पद शांताराम आठवले यांनी लिहिले, आणि ते तुकोबांच्या वळणाचे इतके हुबेहूब उतरले की जाणत्या माणसांनीही ते गाथेत शोधले. नक्कल म्हणावी तर याहून पक्की नक्कल नाही. पण आठवल्यांनी ते आपले म्हणून सांगितले, आणि आपण त्यांना कवी म्हणतो. तेच त्यांनी जुन्या वहीत लिहून, वही धुरात धरून, देहूला सापडली म्हणून विकली असती तर?

मामांचे पैसे गेले एवढ्यावर हे थांबत नाही. बाबूराव पेंटरांनी 1924 साली 'कल्याण खजिना' काढला. शिवाजी महाराजांनी 1657 साली कल्याण आणि भिवंडी घेतली, त्या प्रसंगाभोवतीची ती कथा. म्हणजे मामांच्या घराशेजारचीच. आपल्या देशातले उरलेले सर्वात जुने सचित्र चित्रपट-पोस्टर त्याचेच, असे मानले जाते. आपल्याकडे तेराशेच्या वर मूकपट निघाले, पाहायला उरले आहेत ते मूठभर. 1931 चा 'आलम आरा' हा पहिला बोलपटही हरवला. पुण्याच्या चित्रपट संग्रहालयाची स्थापनाच 1964 ची. तोवर पुष्कळ नाश होऊन गेला होता. अशा चित्रपटांची नटी कशी दिसे, पोशाख कसा होता, हे सांगायला कागदाचे चार तुकडेच शिल्लक आहेत. त्यांत एखाद्याने संगणकावर रचलेले पाचवे 'सापडलेले' पोस्टर मिसळले, ते दोन लिलावांतून फिरले, एका पुस्तकात छापले गेले, की पुढचा अभ्यासक त्याच्यावरून इतिहास लिहिणार. तो खोडायला मूळ चित्रपट नाही. शीर्षकाची अक्षरे तेवढी कधीकधी चोर पकडून देतात. त्या काळी ती हाताने काढीत, त्यामुळे एका नावातली दोन 'र' कधी जुळी नसत.

संध्याकाळी मामांनी विकणाऱ्याला निरोप धाडला. उत्तर आले नाही, अजूनही आलेले नाही. बोली लावण्याआधी मागच्या बाजूचा, एका कोपऱ्याचा भिंगातून आणि घडीचा तिरप्या उजेडात असे तीन फोटो मागवायचे होते, असे मी म्हणालो. ते "आता सांगतोस" म्हणाले, आणि ते खरेच होते.

मग ते आत गेले आणि ताग्यावर खुणा करायची जाड काळी पेन्सिल घेऊन आले. पोस्टर पालथे घालून त्यांनी टेरिकॉटवर, आपल्या जुन्या ठळक अक्षरात, कोपऱ्यात लिहिले: 'सेकंड. नक्कल. भिवंडी.' खाली त्या दिवसाची तारीख आणि सही.

"उद्या आम्ही गेलो आणि पोरांनी हे विकायला काढले, तर?" ते म्हणाले. "घेणाऱ्याला कळायला नको?"

नंतर मी खिळा ठोकला, आणि मामींनी तुकोबांना हार घातला. साडेबारांचा खुलासा मामींनी अद्याप मागितलेला नाही.