काड्यांचा नाच आणि मालकाचा हिशेब

१९१५ साली दादासाहेब फाळक्यांनी काड्यापेटीतल्या काड्या नाचवल्या. महायुद्धामुळे भांडवलदारांनी हात आखडता घेतला होता, मोठा चित्रपट उभा राहत नव्हता. तेव्हा 'आगकाड्यांची मौज'. काडी तसूभर सरकवायची, एक चौकट टिपायची, पुन्हा सरकवायची. ती फिल्म आज उपलब्ध नाही. पण आपल्याकडचं अ‍ॅनिमेशन सुरू झालं ते पैशांच्या ओढाताणीत, आणि ती ओढाताण अजून संपलेली नाही.

१९१७ मध्ये 'लंकादहन' तुफान चालला आणि पैसेवाले दारात आले. पुढच्याच वर्षी नाशिकला हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी निघाली. भांडवल भागीदारांचं, कसब फाळक्यांचं. लवकरच ठिणग्या उडाल्या. भागीदारांना खर्चाचा हिशेब हवा, चित्रपट वेळेवर हवा. फाळक्यांना कामात लुडबुड नको. भागीदार अगदीच चूक होते असं मला वाटत नाही. ज्याचा पैसा अडकलाय तो विचारणारच. पण कॅमेऱ्यामागची अक्कल एकाच माणसाकडे होती आणि तोच १९१९ मध्ये सगळं सोडून काशीला गेला, तिथे 'रंगभूमी' नाटक लिहीत बसला. पुढे परतला, तो पगारावर.

अमेरिकेत हेच भांडण १९४१ मध्ये रस्त्यावर आलं. पगारातली तफावत, श्रेयनामावलीत नाव नसणं आणि आर्ट बॅबिटसारख्या कसलेल्या अ‍ॅनिमेटरला काढून टाकणं, यांवरून डिस्नेच्या कलावंतांनी संप केला. शेवटी कंपनीला युनियन मानावी लागली. त्याच स्टुडिओत काम केलेले क्लेअर वीक्स १९५६ मध्ये मुंबईत फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात शिकवायला आले. अ‍ॅनिमेटर राम मोहन त्यांच्याच हाताखाली तयार झाले. तंत्र आलं, संप काही अभ्यासक्रमात नव्हता!

आज आपल्या स्टुडिओंतलं बरंचसं काम परदेशी मालिकांचं. पात्रं, स्टोरीबोर्ड तिकडून तयार येतात; इथल्या पोरानं मधल्या हालचाली भरायच्या. हात दोन चौकटी उशिरा उठला की रिटेक. तो का उशिरा उठवला, हे सांगायची सोय नाही, कारण ज्यानं रिटेक काढला तो साता समुद्रापार. फाळक्यांना निदान भागीदाराच्या तोंडावर बोलता आलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये व्हीएफएक्स-अ‍ॅनिमेशनमधला परदेशी टेक्निकलर समूह कोसळला आणि बेंगळुरू-मुंबईतल्या कलावंतांच्या नोकऱ्या गेल्या, तेव्हा इथल्या व्यवस्थापनाच्याही हातात फारसं काही नव्हतं. चित्रांच्या दर्जाचा तर प्रश्नच नव्हता.

नागपूर-अमरावती महामार्गावरच्या आमच्या तळेगावातून (श्यामजी पंत) एखादं पोरगं अ‍ॅनिमेशनच्या कोर्सला निघालं, तर घरचे फी विचारतात आणि नोकरी लागेल का ते विचारतात. दोन प्रश्न आणखी विचारायला हवेत: रिटेकच्या रात्रींचे पैसे कोण देणार, आणि शेवटी पडद्यावर नाव येणार का?