‘गिल्लू’ आणि जाळीचा कोपरा

महादेवी वर्मा यांच्या ‘मेरा परिवार’ (१९७२) या हिंदी पुस्तकातील ‘गिल्लू’ हे शब्दचित्र उत्तरेकडे शिकलेल्या आपल्या मुलांपैकी अनेकांना शाळेतच भेटलेले आहे. थोरांनीही ते वाचावे. कुंडी आणि भिंत यांच्या सांदीत, कावळ्यांनी टोचलेले खारीचे पिल्लू लेखिकेला सापडते. ती जखमेवर पेनिसिलिनचे मलम लावते. फुलांच्या परडीत कापूस घालून त्याला झोका करते. एवढे कोणीही सहृदय लेखक लिहू शकेल. खरे लेखन पुढे आहे. वसंतात बाहेरच्या खारी खिडकीशी येऊन चिकचिक करू लागतात आणि लेखिका खिळे काढून जाळीचा एक कोपरा मोकळा करते. गिल्लू दिवसभर झाडांवर, चार वाजता पुन्हा झोक्यात! लळा आणि मालकी यांतील भेद इतक्या थोडक्यात क्वचितच सांगितला गेला असेल.

उणीव एकच. प्रयाग हे पेरूंचे गाव. पण तेथल्या बागवानाचे खारीशी असलेले वैर या चित्रात कोठेच उमटत नाही. सरकारी घरामागे दोन झाडे लावून ज्याने अर्धवट कुरतडलेली फळे वेचली आहेत, त्याला ही काजू खाणारी, नाव मिळालेली खार काहीशी सोयीची वाटेल. सोनजुईच्या वेलीखालची समाधी आणि पिवळ्या फुलाच्या रूपाने परतण्याचा विश्वास, हेही अंमळ गोडच. त्याहून अखेरच्या रात्री, बालपणी धरलेले तेच बोट गार पंजांनी धरून राहिलेला गिल्लू अधिक बोलका आहे. तेथे भाष्य नाही. हीटर लावल्याची नोंद आहे.