संगणकाचे घरचे रखवालदार : एक परीक्षण

शाळेच्या कार्यालयातला संगणक आता केवळ टंकलेखनाचे यंत्र राहिलेला नाही. मुलांचे गुण, जन्मतारखा, आधार क्रमांक, पालकांचे पत्ते असे सारे त्यात साठवलेले असते. ही माहिती राखायला वेगळा विषाणूप्रतिबंधक विकत घ्यावा, की विंडोज प्रणालीबरोबर येणारी साधने पुरतील, असा प्रश्न शिक्षकांना पडतो. आमचे मत असे की, साधने पुरेशी आहेत; पण ती वापरणाऱ्यापुढे ज्या रीतीने मांडली आहेत, ती रीत सदोष आहे.

आधी गुणांची बाजू पाहू. जर्मनीतील एव्ही-टेस्ट ही संस्था विषाणूप्रतिबंधकांची नियमित परीक्षा घेते. २०१२ साली मायक्रोसॉफ्टच्या मोफत साधनाला तिचे प्रमाणपत्रही मिळू शकले नव्हते. पुढे प्रणालीतच सामावलेल्या डिफेंडरने २०१९ मध्ये याच संस्थेकडून १८ पैकी १८ गुण मिळवले. ही प्रगती मान्य केलीच पाहिजे.

डिफेंडर काम कसे करतो, हे वर्गात दाखवता येते. आयकार या युरोपीय संस्थेने चाचणीसाठी ६८ अक्षरचिन्हांची एक निरुपद्रवी ओळ ठरवून दिली आहे. ती नोटपॅडमध्ये लिहून फाइल साठवली, की डिफेंडर तिला विषाणू समजून अडवतो. आता ओळीतले एकच अक्षर बदलून पुन्हा साठवावे. या वेळी तो गप्प राहील, कारण ठाऊक असलेली खूण त्याला जुळलेली दिसत नाही. नुसत्या खुणा ताडून चोर पकडण्याची मर्यादा विद्यार्थ्यांना यातून चटकन उमगते. म्हणूनच डिफेंडर खुणांबरोबर आज्ञावलीच्या वर्तनावरही नजर ठेवतो.

आता दोषांकडे वळू. साधन असणे आणि ते चालू असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २००१ च्या विंडोज एक्सपीमध्ये फायरवॉल होती, पण ती बहुधा बंदच असे. ऑगस्ट २००३ मध्ये ब्लास्टर हा उपद्रवी प्रोग्रॅम जगभर पसरला. त्याला कोणी फाइल उघडण्याची गरज नव्हती. इंटरनेटला जोडलेला असुरक्षित संगणक त्याला पुरत असे. बाहेरून न बोलावता येणाऱ्या जोडण्या नाकारणे हेच फायरवॉलचे काम. ती चालू असती तर अनेक संगणक वाचले असते. ऑगस्ट २००४ च्या सुधारणेपासून ती आपोआप चालू राहू लागली.

हा धडा पुरता गिरवला गेला, असे म्हणवत नाही. फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या प्रोग्रॅमांविरुद्ध एक उत्तम साधन ऑक्टोबर २०१७ पासून विंडोजमध्ये आहे. विश्वासू नसलेल्या प्रोग्रॅमला ते ठरावीक फोल्डरांतील फाइली बदलू देत नाही. मात्र ते मुळात बंद असते. चालू केल्यास एखादा जुना, निरुपद्रवी प्रोग्रॅमही अडतो, ही कंपनीची अडचण खरी आहे. पण मग पडद्यावरची हिरवी खूण ‘काही करण्याची गरज नाही’ असे का सांगते? ‘हे साधन बंद आहे, कारण अमुक’ असे सांगणे अधिक प्रामाणिक ठरले असते.

दुसरा दोष खात्यांचा. नव्या संगणकावरचे पहिले खाते सर्वाधिकारी असते, आणि बहुतेक जण रोजचे काम त्यावरच करतात. २००७ च्या व्हिस्टापासून मोठ्या बदलाआधी प्रणाली परवानगी विचारते. पण व्हिस्टात हे प्रश्न इतके वारंवार येत, की न वाचता ‘होय’ दाबण्याची सवय लोकांना लागली. साध्या खात्यावर अशा वेळी सर्वाधिकाऱ्याचा परवलीचा शब्द द्यावा लागतो. एवढी अडचणसुद्धा माणसाला क्षणभर विचार करायला लावते.

तिसरी गोष्ट सुधारणांची. ज्या भोकातून वॉनाक्राय १२ मे २०१७ रोजी जगभर शिरला, ते बुजवणारी सुधारणा १४ मार्चलाच निघाली होती. मधल्या ५९ दिवसांत ज्यांनी ती घेतली नाही, त्यांना फटका बसला. इंग्लंडमधल्या रुग्णालयांचे कामही अडले. विंडोज १० च्या सर्वसाधारण मोफत सुधारणा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबल्या. वाढीव योजनेत नाव नोंदवल्याशिवाय नवी भोके आता बुजत नाहीत. विषाणूंच्या खुणा डिफेंडरला पुढेही मिळत राहणार आहेत. पण भिंत पडकी असेल तर जागा पहारेकरी कुठवर पुरणार? विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप लागते. त्यामागे तांत्रिक कारण आहे. तरी चालते संगणक त्यापायी निकामी ठरावेत, हा भार गरीब शाळांवरच अधिक पडतो. अशा यंत्रांवर लिनक्स बसवणे हा विचार करण्याजोगा पर्याय आहे.

तेव्हा आमची शिफारस अशी. रोजच्या कामासाठी साधे खाते ठेवावे, सुधारणा लांबवू नयेत, खंडणीविरोधी साधन चालू करून पाहावे, आणि गुणपत्रकांची एक प्रत वेगळ्या डिस्कवर घेऊन ती डिस्क संगणकापासून काढून कपाटात ठेवावी. यातल्या कशालाही जादा खर्चाचा प्रतिबंधक लागत नाही. हिरवी खूण मात्र उत्तर म्हणून स्वीकारू नये. विद्यार्थ्याने नुसते ‘बरोबर’ लिहिले तर आपण कारण विचारतो. संगणकालाही तेच विचारायला हवे.