तहाची भाषा आणि तहाचा हिशेब

जॉन मेनार्ड केन्स यांचा ‘द इकॉनॉमिक कॉन्सिक्वेन्सेस ऑफ द पीस’ हा ग्रंथ डिसेंबर १९१९ मध्ये प्रसिद्ध झाला. पॅरिसच्या शांतता परिषदेत ते ब्रिटिश अर्थखात्याचे प्रतिनिधी होते. जर्मनीकडून मागितली जाणारी नुकसानभरपाई त्यांना अन्याय्य व अशक्य वाटली, म्हणून जून १९१९ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. हा ग्रंथ अर्थशास्त्राचा म्हणून ओळखला जातो. आमच्या मते तो मुळात वाटाघाटींचा ग्रंथ आहे आणि त्याच अंगाने त्याचे मोल ठरविले पाहिजे.

ग्रंथाचा सर्वांत जिवंत भाग म्हणजे क्लेमान्सो, लॉइड जॉर्ज व विल्सन यांची व्यक्तिचित्रे. विल्सन यांच्यापाशी चौदा मुद्दे होते. परंतु ते अमलात आणण्याचा तपशीलवार आराखडा नव्हता, असे केन्स दाखवून देतात. मसुदा इतरांनी मांडावा आणि विल्सन यांनी त्यात दुरुस्त्या सुचवाव्यात, असे घडत गेले. ज्याच्या हाती मसुदा, त्याच्या हाती निम्मा तह, हा धडा ग्रंथातून नीट उमगतो.

तहाच्या भाषेत जो शब्दच्छल शिरला, त्याला केन्स ‘जेझुइटी’ हे विशेषण लावतात. या विशेषणाने आम्ही थोडे थबकलो. शस्त्रसंधीपूर्वी नोव्हेंबर १९१८ मध्ये ठरले होते ते असे की, नागरी जनतेच्या व तिच्या मालमत्तेच्या हानीची भरपाई जर्मनीने करावी. पुढे जनरल स्मट्स यांनी युक्तिवाद केला : घरी परतलेला सैनिक पुन्हा नागरिकच होतो, तेव्हा त्याचे निवृत्तिवेतन हीदेखील नागरी हानीच होय. विल्सन यांनी तो मानला आणि मागणी प्रचंड वाढली. याच स्मट्स यांनी केन्स यांना ग्रंथ लिहिण्यास उत्तेजन दिले, हा दैवदुर्विलासच! नीतिशास्त्रात प्रकरणविचार शिकविला जातो तो नियम प्रत्यक्ष प्रसंगाला न्यायाने कसा लागू करावा हे उमगावे म्हणून. पॅरिसमध्ये निकाल आधी ठरला आणि नियम मागाहून वाकविला गेला. त्या पद्धतीचा दुरुपयोग पूर्वी झालाच नाही, असा आमचा दावा नाही. पण दुरुपयोगाला पद्धतीचेच नाव देणे हेही सैल भाषेचेच लक्षण होय.

ग्रंथाचा खरा उणेपणा निराळा आहे. केन्स यांना खोलीतली माणसे दिसतात. खोलीबाहेरची पुरेशी दिसत नाहीत. डिसेंबर १९१८ च्या निवडणुकीतील आश्वासनांबद्दल ते लॉइड जॉर्ज यांना धारेवर धरतात, परंतु मुलगे गमावलेल्या मतदारांना कोणत्या शब्दांत सत्य सांगावे, याचे उत्तर देत नाहीत. प्रत्येक वाटाघाटीला दोन श्रोते असतात : समोर बसलेला प्रतिपक्ष आणि घरी वाट पाहणारे स्वकीय. १९२१ मध्ये लंडनला १३,२०० कोटी सुवर्ण मार्कांचा आकडा जाहीर झाला. त्यातील ८,२०० कोटींचे रोखे जवळजवळ नाममात्रच होते. वसुलीचा खरा भाग ५,००० कोटींचा. मोठा आकडा विजेत्या देशांतील जनतेच्या समाधानासाठी होता. मात्र तो जर्मन जनतेनेही वाचला आणि त्याचेच विष भिनले.

फ्रेंच अर्थशास्त्रज्ञ एतिएन मान्तू यांनी केन्स यांना दिलेले उत्तर १९४६ मध्ये, लेखकाच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाले. केन्स यांची अनेक भाकिते फसली, आणि हिटलरने शस्त्रसज्जतेवर केलेला खर्च पाहता भरपाई देणे जर्मनीला अशक्य नव्हते, असे त्यांनी मांडले. युक्तिवाद वजनदार आहे. तरी देण्याची ऐपत आणि देण्याची इच्छा या दोन गोष्टी होत. इच्छा नसलेल्या ऋणकोकडून वसुली करण्यास सैन्यच पाठवावे लागते. जानेवारी १९२३ मध्ये फ्रान्स व बेल्जियम यांनी रूरमध्ये ते पाठविले. त्याच वर्षी जर्मन चलन मातीमोल झाले.

पोप पंधरावे बेनेडिक्ट यांनी ऑगस्ट १९१७ च्या शांतिपत्रात उभय पक्षांनी नुकसानीचे दावे एकमेकांना सोडावेत, असे सुचविले होते. तेव्हा ती भाबडी सूचना वाटली. केन्स यांनी अवघ्या २०० कोटी पौंडांचा आकडा व मित्रराष्ट्रांमधील परस्पर कर्जांची माफी सुचविली, तेव्हा तेही, निराळ्या वाटेने, त्याच दिशेला वळले होते. १९५३ च्या लंडन करारात पश्चिम जर्मनीचे परकीय कर्ज सुमारे निम्म्याने घटविण्यात आले आणि ऋणको कमावता राहील अशा बेताने हप्ते ठरले. पहिल्या युद्धानंतरच्या कर्जरोख्यांचा अखेरचा हप्ता ३ ऑक्टोबर २०१० रोजी फिटला.

केन्स यांचे सारे आकडे आज टिकत नाहीत. परंतु तहावर सही घेणे म्हणजे समेट नव्हे, हा त्यांचा निष्कर्ष टिकून आहे. देशांच्याच नव्हे, तर भावाभावांच्या वाटणीसाठी बसणाऱ्यांनीही तो ध्यानी घ्यावा, इतका तो मोलाचा आहे.