हेल्मेट, मडके आणि मेंदू

शालेय विज्ञान प्रदर्शनांत एक प्रयोग हमखास दिसतो. दोन मडकी घ्यायची, एकाला हेल्मेट घालायचे आणि दोन्ही सारख्याच उंचीवरून सोडायची. उघडे मडके फुटते, हेल्मेटातले शाबूत राहते. चंद्रपूर जिल्ह्यात बल्लारपूर, घुग्घुस, माजरी या कोळसापट्ट्यातील कित्येक मुलांनी वडिलांचे हेल्मेट रोज खुंटीवर पाहिलेले असते. त्यांना हा प्रयोग चटकन पटतो. तो चुकीचा नाही, पण अपुरा आहे, आणि हा अपुरेपणा धोक्याचा आहे, असे आम्हाला वाटते.

आधी जमेची बाजू पाहू. दीड मीटरवरून पडलेले डोके दोन मिलिमीटरमध्ये थांबले, तर सरासरी मंदन गुरुत्वीय त्वरणाच्या ७५० पट होते. अस्तर चेपून हेच अंतर २५ मिलिमीटर झाले, तर ते ६० पटींवर येते. उंचीला थांबण्याच्या अंतराने भागले की झाले! इतके सोपे गणित प्रयोगाशेजारी क्वचितच मांडलेले असते.

दुसरे असे की, प्रत्येक हेल्मेट ठरावीक आघातासाठीच असते. खाणीतल्या हेल्मेटात कवच आणि डोके यांमध्ये पट्ट्यांची झोळी असते; ती वरून पडणाऱ्या दगडासाठी. तेच घालून फलंदाजी केली, तर तोंडावर येणारा चेंडू अडणार नाही. सुनील गावसकर वापरत त्या कवचातही चेहरा उघडाच राही.

पण खरी उणीव वेगळीच आहे : मडक्यात मेंदू नसतो. कच्चे अंडे ताटलीत गरगर फिरवा, बोटाने क्षणभर थांबवा आणि सोडा. ते पुन्हा फिरू लागते. कवच थांबले होते, आतला बलक थांबला नव्हता. मेंदू बलकासारखा पातळ नसला तरी मऊ आहे. डोके एकदम वळले की त्याचे तंतू ताणले जातात. कवटीला तडाही गेलेला नसतो.

अमेरिकी फुटबॉलने हा धडा महागात घेतला. तेथील व्यावसायिक संघटनेने १९४३ मध्ये हेल्मेट सक्तीचे केले. पुढे हेल्मेट कठीण होत गेले, तसे खेळाडू डोकेच पुढे करून धडका मारू लागले. १९७६ मध्ये शाळा-महाविद्यालयांच्या खेळात अशा धडकेवर बंदी आली, तेव्हा मानेच्या गंभीर दुखापती घटल्या. माईक वेबस्टर हा व्यावसायिक खेळाडू सारी कारकीर्द हेल्मेट घालूनच खेळला. तरीही त्याच्या मेंदूचा झालेला ऱ्हास बेनेट ओमालू यांनी २००५ मध्ये जगापुढे मांडला.

गडचिरोलीतील आश्रमशाळेत कबड्डी हेल्मेटविनाच खेळतात. तिथे कुणाचा गुडघा डोक्याला लागला, तर पहिला निर्णय शिक्षकालाच घ्यावा लागतो. मूल गोंधळले, भोवळ आली, डोके दुखू लागले, तर रक्त नसले तरी त्या दिवशी खेळ बंद. उलट्या होऊ लागल्या किंवा गुंगी वाढली, तर दवाखाना कितीही दूर असो, निघायलाच हवे. मडक्याचा प्रयोग बंद करू नये. त्याच्याशेजारी एक अंडे मात्र जरूर ठेवावे.